चाकं नसलेलं कपाट

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

…त्या सकाळी मी उशांचे अभ्रे भिजत घातले होते. मग खिडकीच्या काचा वर्तमानपत्राने पुसल्या, शेगडी उलटी करून घासली, दाराची कडी कुरकुरत होती तिला थेंबभर तेल सोडलं. तू वरच्या खोलीत नव्या गाण्याची एकच ओळ परत परत म्हणत होतीस आणि दर वेळी शेवटच्या शब्दावर अडत होतीस. अभ्रे पिळताना माझे हातही त्याच शब्दावर थांबायला लागले. तुझे बाबा साडेदहाला बाहेरून आले. बूट काढायच्या आधी पाणी मागितलं. मी विचारलं, "पाव आणलात?" तर म्हणाले, "विसरलो." मग मी अभ्रे वाळत घातले.

एवढंच. ही सकाळ गेले काही दिवस सारखी डोक्यात येते. का येते ते आज लिहीत नाही.

पत्ता तुझ्या मामाकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस, मी फार पिच्छा पुरवला.

तुला वाटत असेल, आई घरी बसून लिहिते आहे. मी घरी नाही. मी बाबांच्या गाडीत आहे, पुढच्या सीटवर, मांडीवर पाट घेऊन. अक्षर वाकडं येतंय ते रस्त्यामुळे. मागे तुझा बँड बसला आहे. होय, तोच. चार महिने झाले मी त्यांच्याबरोबर फिरते आहे.

झालं असं. तू गेल्यावर गाडी दीड वर्ष दारात उभी होती. ऑक्टोबरात काडी आणि मास्तर आले. काडी अजून तसाच, ड्रममागे बसला की फक्त कोपरं दिसतील असा. मास्तरांनी शाळा सोडून वीस वर्षं झाली, पण खुर्चीवर बसायच्या आधी अजून फळा पुसल्यासारखा हात फिरवतात. दोघं बराच वेळ माझ्या कुंड्यांचं कौतुक करत बसले. शेवटी मीच म्हटलं, "कुंड्या नेणार आहात का गाडी?"

काडी म्हणाला, "काकू, दौरा ठरतोय. गाडी मिळाली तर बरं होईल."

"गाडी आता माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "गाडी येईल तिथे मी येईन."

मास्तरांना वाटलं मी थट्टा करते. "वहिनी, खोल्या कशा असतात, जेवणाच्या वेळा कशा असतात…"

"मास्तर, मी सव्वीस वर्षं त्याच वेळा ऐकत आले आहे. आता बघते."

दुसऱ्या आठवड्यात मी निघाले. एक बॅग, आणि एक पिशवी पुस्तकांची. बॅग अजून एकदाही पूर्ण उघडलेली नाही. रोज वरचं वर काढते आणि वरचं वर ठेवते. एका खोलीत दोन दिवस राहिलो की माझे पाय खाजवायला लागतात. घरात असताना असं कधी झालं नव्हतं. घर म्हणजे मला बसायची जागा होती, आता बसलं की काहीतरी मागून येऊन उभं राहतं.

जेवून घेत जा.

आई

ता. १७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. मी लिहीत राहते.

आज माझी फजिती सांगते. मला इथे दोन कामं आहेत. कार्यक्रमानंतर टेबलावर तुमचा अल्बम विकायचा, आणि गाडी भरायची. भरायचं काम मी मागून घेतलं, कारण गाडीच्या मागच्या दाराला आतून बाबांनी रंगाने काढलेला नकाशा अजून आहे. कुठला डबा कुठे, एक ते बारा आकडे. त्यात वाचायचं तेवढं मला कळतं. पण आकड्यांत वायरी कुठे होत्या? पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या वायरी पंजा आणि कोपराभोवती गुंडाळल्या, कपडे वाळवायची दोरी गुंडाळते तशा. नीट, घट्ट, वर गाठ मारून. मला वाटलं, बघा कशी शिस्त लावली.

त्या संध्याकाळी तिसऱ्या गाण्यात मास्तर दोन पावलं पुढे गेले, आणि त्यांची वायर स्प्रिंगसारखी उडून मागे आली. माइकचा स्टँड आडवा झाला. बेस गप्प. काडी वाजवत राहिला, त्याला एकट्यालाच पाच मिनिटं वाजवावं लागलं, आणि लोकांना वाटलं हे असंच असतं. टाळ्या पडल्या.

नंतर काडी माझ्यासमोर वायर धरून उभा. "काकू, ही केबल आहे. लोकर नाही."

"मग कशी गुंडाळायची?"

"तुम्हाला दादांनी शिकवलं नाही?"

नाही शिकवलं. मी विचारलंच नव्हतं. बाबांच्या वहीत शेवटी एका पानावर लिहिलेलं सापडलं: 'एक वेढा वरून, एक वेढा खालून. वायरीला पीळ लक्षात राहतो.' मी आठवडाभर गाडीत बसून तेवढंच केलं. एक वरून, एक खालून. आता जमतं. नवी म्हणते, काकू झोपेतही बोटं हलवतात.

नवी म्हणजे तुझ्या जागी आलेली मुलगी. येऊन दीड वर्ष झालं, तरी सगळे नवीच म्हणतात. गाते चांगली. तुझ्यासारखी नाही, आणि तिलाही ते माहीत आहे. गाडीत तुझ्या गिटारची जागा सात नंबरला आहे. तिथे ती स्वतःची गिटार कधी ठेवत नाही, मांडीवर घेऊन बसते, खड्ड्याखड्ड्याला डोक्यावर आपटून घेते. मी म्हटलं, ठेव गं सातात. तर म्हणाली, "ती आली तर?" म्हणून सातात आता माझी पुस्तकांची पिशवी असते.

एक नंबरला अर्थात कपाट. मास्तरांचा बेसचा बॉक्स. आठ स्पीकर, माझ्या खांद्याएवढा उंच, आणि मढ्यासारखा जड. काडी रोज एकदा तरी म्हणतो, "या कपाटाला चाकं लावा, नाहीतर मला लावा." आणि रोज मास्तर बाबांचं वाक्य ऐकवतात, "चाकावर ठेवलं की खर्ज जमिनीत उतरत नाही, नुसता खोलीभर हिंडतो." मग तिघं मिळून उचलतात. मीही म्हणते, नको चाकं, त्यांना आवडत नव्हती.

म्हणते खरी. पण ते पायऱ्यांवरून उतरवत असतात तेव्हा मी तिकडे पाठ करून उभी राहते.

आई

ता. ४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड हॉलच्या पत्त्यावर मिळालं. चार ओळी. 'गाडी विकून टाक. बँडचं मला काही लिहू नकोस. खोक्यांच्या कारखान्यात आहे, मशीनचा आवाज मोठा आहे, दुसरं काही ऐकू येत नाही. ते बरं आहे.'

मी ते तीनदा वाचलं आणि बॅग उचलून बाहेर येऊन उभी राहिले. अजून निघायला तीन तास होते. मास्तर म्हणाले, "वहिनी, कुठे निघालात?" मग मी हॉलला चार फेऱ्या मारल्या आणि परत आत आले.

गाडी विकणार नाही. बाकी तू म्हणतेस तसं वागायचा प्रयत्न करेन, पण बँडचं लिहायचं नाही तर माझ्याकडे दुसरं काय आहे लिहायला?

तुला गाडी का नकोशी आहे ते मला माहीत आहे. बाबा गेले त्या दिवशी, घरी आल्यावर, स्वयंपाकघरात तू मला सांगितलंस. एकदाच सांगितलंस, माझ्याकडे न बघता, नळाखाली हात धरून. कार्यक्रम दुपारी संपला होता. तू दारात लोकांशी बोलत होतीस, अल्बमवर सही करत होतीस. बाबांनी आतून हाक मारली, "भिंगरे, कपाटाला एक हात दे." तू म्हणालीस, "बाबा, दोन मिनिटं थांबा." ते थांबले नाहीत. एकट्याने ते धूड तीन पायऱ्या टेकवत टेकवत उतरवलं, गाडीत चढवलं, पट्टा आवळला, आणि गाडीच्या पायरीवर बसले. तू आलीस तेव्हा ते बसलेलेच होते.

"मी दोन मिनिटं म्हटलं, आई," तू म्हणालीस.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "दूध उतू जातंय." आणि गॅसकडे वळले.

पातेल्यात पाणी होतं. ते उकळलंही नव्हतं.

आठ दिवसांनी तू गिटार घेऊन गेलीस. मामा म्हणाला, तिला वेळ दे. मी दोन वर्षं दिली. दिली म्हणजे काय, घेतली.

काल कपाट उतरवताना नवीचा पाय सटकला. काही झालं नाही, पण मी ओरडले, "ठेवा ते! ठेवा खाली! छातीवर येतं!" सगळे थांबले. मास्तर हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्हाला बरोबर छातीचंच कसं सुचलं?"

मी म्हटलं, "सुचलं."

मास्तर भूमिती शिकवायचे. एवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं नाही. मला दिसतं ते.

आई

ता. १५ मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र बसून वाच. उभ्याने नको.

पहिल्या पत्रात मी एक सकाळ लिहिली होती. अभ्रे, काचा, कडीला तेल. बाबा साडेदहाला बाहेरून आले आणि पाणी मागितलं. पावाचं मी झाकायला लिहिलं होतं, ते पाव आणायला गेलेच नव्हते. ते डॉक्टरकडे गेले होते. चार दिवस डावा हात भरून येत होता, जिना चढताना मध्ये थांबत होते. मीच पाठवलं होतं.

बूट न काढता त्यांनी खिशातून कागद काढून मला दिला. घरात डॉक्टरांचं अक्षर लावायचं काम माझंच. मी लावलं. 'वजन उचलणे पूर्ण बंद.' खाली दोन रेघा. त्याच्याखाली औषधं.

बाबा म्हणाले, "तोंडी म्हणाले, अगदीच वेळ आली तर ढकला, पण उचलू नका."

मी म्हटलं, "मग कपाटाला चाकं लावा."

ते हसले आणि ते वाक्य म्हणाले. चाकावर ठेवलं की खर्ज जमिनीत उतरत नाही. मीही हसले. तू वर गात होतीस. बाबांनी वर बोट केलं. "तिला नको सांगूस. पहिला अल्बम आहे, पहिला मोठा दौरा आहे. सांगितलं तर गाडीतून उतरवेल मला. आणि मला घरी बसवलंत ना, तर मी बसल्या बसल्या मरेन."

मी म्हटलं, "बरं."

असं ते झालं. "बरं." तुझ्या दोन मिनिटांच्या तीन महिने आधी. तुला माहीत असतं तर तू त्यांना ते कपाट बघूसुद्धा दिलं नसतंस. हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अजून एक आहे. बाबांची वही तुला आठवत असेल, दर हॉलचं एक पान. दार कुठल्या बाजूला, प्लग कुठे, भिंत आवाज परत फेकते की नाही. प्रत्येक पानावर पहिली ओळ पायऱ्यांची. गाडी भरायची म्हणून ती वही मी आता रोज उघडते. त्या शेवटच्या दौऱ्याच्या पानांवर पायऱ्यांच्या आकड्यापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहे. काडीला वाटलं कपाट कितीदा टेकवायचं त्याची खूण आहे. मास्तरांनाही तसंच वाटलं. 'पायऱ्या ११, थांबलो १.' 'पायऱ्या १४, थांबलो २.' 'पायऱ्या ९, थांबलो ३.'

कपाटाची खूण नव्हे ती. पायऱ्या कमी होत गेल्या आणि थांबणं वाढत गेलं. हे फक्त मला वाचता येतं.

शेवटच्या पानावर 'पायऱ्या ३' एवढंच आहे. पुढे काही लिहायला ते राहिले नाहीत.

आई

ता. १९ मार्च

प्रिय भिंगरी,

आज दोन वर्षं झाली. आज कार्यक्रम नाही. मी सकाळपासून तीनदा गाडी रिकामी केली आणि तीनदा भरली. काडी प्रत्येक वेळी बारा नंबरचा डबा माझ्या हातात देत राहिला.

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं, पण सगळं लिहिलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, बिचारीने नवऱ्याचा शब्द राखला. तू तरी तसं समजू नकोस.

मी चौथीत शाळा सोडली. तू पहिलीत गेलीस तेव्हा तुझ्या पाटीवरून परत सुरुवात केली. मग पुड्यांचे कागद, मग दुकानाच्या पाट्या, मग वाचनालयातली बारीक पुस्तकं, मग जाडी. चौतीस वर्षांची होते मी पहिली कादंबरी संपवली तेव्हा. पण वाचायला घर रिकामं लागतं. बाबा घरी असले की रेडिओ उघडून बसायचे, स्क्रूड्रायव्हर शोधायचे, "अगं, ऐकलंस का" चालायचं. माणूस चांगला होता. पण त्याला शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. तुम्ही दौऱ्यावर गेलात की मी दार लावायची, पाय वर घ्यायची आणि वाचायची. ते महिने माझे होते. कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही.

त्या सकाळी तो कागद हातात होता आणि माझ्या मनात आलं, हे आता घरी बसणार. कायमचे. रोज.

भिंगरी, हे आलं. क्षणभरच आलं, पण ते "बरं" त्यातून निघालं. त्यांच्या शब्दासाठी नव्हे, तुझ्या अल्बमसाठी नव्हे. निदान फक्त त्यासाठी नव्हे. मी चाकांचा हट्ट धरला नाही, मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं नाही. मी कागदाची घडी केली आणि वाचत होते त्या पुस्तकात खूण म्हणून घातली. कागद अजून त्यातच आहे. दोनशे बारावं पान. तुझा फोन आला तेव्हा मी तेच पान वाचत होते.

त्यानंतर तू सांगितलंस, "मी दोन मिनिटं म्हटलं." तेव्हा मला एका वाक्यात तुला मोकळं करता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मला भीती वाटली की तू गेलीस तर मी एकटी पडेन. तू तशीही गेलीस.

या महिन्याच्या २८ तारखेला दुपारी चारला तुझ्या गावात आपला कार्यक्रम आहे. वाचनालयामागच्या बागेत, मोकळ्यावर. मी ठरवलेला नाही, मास्तरांनी वर्षाच्या सुरुवातीला घेतलेला आहे. तुझा पत्ता मला नंतर कळला. तू ये असं म्हणत नाही. पुस्तक आणि कागद सातात आहेत. तुला हवे असतील तर तुझे आहेत.

आज दुपारी मी हे सगळं त्या तिघांनाही सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला सांगायला हवं होतं, वहिनी. बॉक्स माझा होता."

हे मला सुचलंच नव्हतं. मास्तरही दोन वर्षं काहीतरी उचलून फिरत असतील, हे.

आई

ता. ३० मार्च

प्रिय भिंगरी,

तू तिथे होतीसच, तुला काय सांगायचं. पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहिते. तुझ्या बाजूचं मला माहीत नाही.

चार वाजता तू नव्हतीस. शेवटच्या ओळीतले सगळे चेहरे मी दोनदा मोजले. टेबलावर मी एका गृहस्थांना एकाच अल्बमच्या तीन प्रती दिल्या, त्यांनी एक मागितला होता. नवीचा आवाज पहिल्या गाण्यात कापत होता. तिलाही ठाऊक होतं गाव कुठलं आहे. तुझं गाणं त्यांनी वाजवलं नाही. मागून कुणीतरी ते मागितलं, तर काडी म्हणाला, "ते गाणं सध्या कामावर आहे." लोक हसले. मी नाही.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. मी वायरी गुंडाळत होते. एक वरून, एक खालून. मान वर केली तर तू फाटकात उभी. कारखान्याचा निळा कोट, गळ्यात दोरीला अडकवलेले कानातले बोळे. मला वाटलं होतं तू बारीक झाली असशील. तुझे दंड चांगले भरले आहेत.

तू सरळ गाडीपाशी गेलीस आणि नकाशा बघितलास.

"सातात काय आहे?"

"माझी पुस्तकं."

तू पिशवीत हात घातलास. विचारलं नाहीस, बरोबर तेच काढलंस, त्यातून कागदाचं टोक बाहेर दिसत होतं ना. उभ्यानेच वाचलास. त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवलास. काडीने ड्रमचा डबा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. मास्तर झाडाकडे बघत होते.

मग तू म्हणालीस, "दोन मिनिटांत चाळीस खोकी निघतात आमच्या मशीनमधून. मी रोज मोजते. दोन वर्षं मोजतेय."

"हो," मी म्हटलं.

"हो काय हो? तू सांगायचं होतंस."

"हो."

"दूध उतू जातंय म्हणालीस तू मला!"

"पाणी होतं ते."

"माहीत आहे मला ते पाणी होतं!" तू इतक्या जोरात ओरडलीस की वाचनालयाची खिडकी उघडली आणि कुणीतरी बाहेर बघितलं. "मला वाटलं, तुला माझं तोंड बघवत नाही. मला वाटलं, म्हणून वळलीस!"

हे मला माहीत नव्हतं. खरंच सांगते. मी इतका वेळ माझाच हिशेब मांडत होते, तुला तिथून काय दिसलं ते मनातच आलं नव्हतं.

तू डोळे कोटाच्या बाहीने पुसलेस आणि पुस्तक उलटंसुलटं केलंस.

"काय होतं यातल्या बाईचं शेवटी?"

"माहीत नाही. त्या पानापुढे गेलेच नाही."

तू कागद काढून खिशात घातलास, आणि पान दुमडून खूण केलीस. दुमडलेली पानं मला खपत नाहीत हे तुला माहीत आहे. माझ्याकडे बघत बघत दुमडलंस. पुस्तक परत सातात ठेवलंस.

मग कपाटाकडे गेलीस. काडी पुढे आला तर त्याला म्हणालीस, "तू हो बाजूला. आई, डावीकडून धर." मी धरलं. "गुडघ्यातून वाक, कमरेतून नाही." मी वाकले. "एक, दोन, हं." बाबा म्हणायचे तसंच म्हणालीस. मी ते आयुष्यात पहिल्यांदा उचललं. इतकं जड असतं, मला कल्पना नव्हती. सव्वीस वर्षं मी त्याचं नाव ऐकत होते. दोन पायऱ्या होत्या. दोन्हींवर आपण टेकवलं. दुसऱ्या पायरीवर तू विचारलंस, "थांबायचं का?" आणि मी म्हटलं, "थांबू या."

किती वेळ थांबलो ते मी मोजलं नाही. तू मोजलंस का?

पट्टा तू आवळलास. जाताना म्हणालीस, "मी माफबिफ काही केलेलं नाही."

"नाही केलंस."

"पाळी संपायच्या आधी निसटून आले आहे. परत जायचं आहे."

"जा."

"पत्र लिही," म्हणालीस. आणि फाटकातून परत आलीस, आणि नवीला म्हणालीस, "गिटार सातात ठेव गं. मांडीवर ठेवून मान वाकडी करशील." मग गेलीस. जाताना बोळे कानात घातले नाहीस. गळ्यातच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्डवेअरचं दुकान उघडल्यावर मी चार चाकं विकत आणली. मास्तरांनी कपाट आडवं धरलं, काडीने भोकं पाडली, आणि स्क्रू मी पिळले.

आई